आभाळ आणि सांधे

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीचे दिवस परळ-भोईवाड्याच्या वस्तीला मोठे जाचक असतात. खाडीकडून येणारा दमट वारा मध्येच पडतो, अंगावरचा कपडा अंगालाच चिकटतो, जुन्या भिंतींना ओल सुटू लागते, आणि अशा एखाद्या संध्याकाळी नायगावच्या बी.डी.डी. चाळीच्या व्हरांड्यात बसलेली वृद्ध बाई गुडघ्यावर तळवा दाबीत सहज बोलून जाते की, “गुडघे धरलेत, आज-उद्या पाऊस लागणार बघ.” या बोलण्याला कोणी हरकत घेत नाही. पाऊस आला तर गुडघ्यांचा लौकिक वाढतो. न आला तर ते भाकीत केले होते याचीही आठवण कोणाला राहत नाही. आभाळ भरून आले की सांधे ठणकतात, थंडीत जुना मार वर येतो, पावसाळ्यात वात उठतो, ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत असून प्रस्तुत प्रकरणात तिची शहानिशा करावयाची आहे. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या बाईच्या वेदनेबद्दल येथे यत्किंचितही शंका नाही. वेदना खरीच आहे. शोध घ्यावयाचा तो तिच्या कारणाचा.

अडाण्यांचा भ्रम म्हणून या समजुतीची वासलात लावता येणार नाही, कारण तिच्या पाठीशी दोन थोर वैद्यकपरंपरा उभ्या आहेत. हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या, हवा, पाणी आणि स्थळे यांवरील ग्रंथात परक्या गावी गेलेल्या वैद्याने प्रथम तेथील वारे आणि ऋतू जाणून घ्यावेत असा उपदेश आहे. आपल्याकडे वाग्भटाने ऋतुचर्या सांगताना वाताचा संचय ग्रीष्मात, प्रकोप वर्षाऋतूत आणि शमन शरदात होते असा क्रम लावून दिला, आणि हा क्रम आमच्या घराघरांतील आजीबाईंच्या तोंडी इतका रुळला की पावसाळ्यात थंड व शिळे खाऊ नये, कोमट तेलाने अंग चोळावे, हे नियम कोणी शिकवावे लागत नाहीत. या प्राचीन वैद्यांची निरीक्षणशक्ती असामान्य होती. वाताने बिघडलेला सांधा हाताला हवेने फुगलेल्या पखालीसारखा लागतो, हे चरकसंहितेतील वर्णन आजच्या एखाद्या तज्ज्ञाने सुजलेल्या गुडघ्यावर बोटे ठेवून पडताळावे इतके नेमके आहे. मात्र बारीक निरीक्षण आणि सिद्ध झालेला कार्यकारणभाव यांत अंतर असते.

याच परंपरेने केलेला एक भेद आपण अलीकडे विसरलो आहोत. संधिगत वात वेगळा, माधवनिदानात स्वतंत्रपणे वर्णिलेला आमवात वेगळा आणि वातरक्त वेगळे. आधुनिक वैद्यकही स्थूलमानाने हेच सांगते. सांध्यातील कूर्चा उतारवयात, स्थूलपणामुळे किंवा पूर्वीच्या दुखापतीमुळे खराब होऊन होणारा झिजेचा संधिवात हा एक रोग. शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटून होणारा आमवात हा दुसरा. आणि युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचून, बहुधा पायाच्या अंगठ्याशी, अकस्मात भडकणारे वातरक्त हा तिसरा. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी दर शंभरांत सुमारे अठरा जणांना हाडास्नायूंचे दुखणे असल्याचे दिसले. आमवाताचे रोगी मात्र दर दोनशे माणसांत एकाच्या आसपास निघाले. एकाच ‘वात’ या नावाखाली अशी निरनिराळी दुखणी नांदत असता, हवेचा परिणाम होतो की नाही हा प्रश्न सरसकट विचारणेच चूक ठरते.

हवेविषयीच्या तक्रारीला गिरणगावात आणखी एक पदर होता. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून गिरण्यांच्या साचाखात्यात हवेत मुद्दाम पाण्याचे तुषार किंवा वाफ सोडीत, आणि मुंबईची मूळचीच दमट हवा त्यामुळे आणखी जड होई. हा प्रश्न इतका वाढला की सरकारने हिंदुस्थानातील गिरण्यांतल्या या कृत्रिम दमटपणाची खास चौकशी करविली व तिचा अहवाल 1923 साली प्रसिद्ध झाला. साचेवाल्याने उतारवयात गुडघे धरल्यावर त्या ओलाव्याला बोल लावला, तर ते स्वाभाविकच होते. पण त्याच साचेवाल्याने तीस-तीस वर्षे पाळीभर उभ्याने काम केले होते, आणि पाळी सुटल्यावर चाळीचे तीन मजले चढून तो घरी जात होता. गुडघ्यांच्या झिजेला वारंवार उकिडवे बसणे, गुडघ्यांवर टेकून काम करणे आणि जड ओझी उचलणे या गोष्टी हातभार लावतात, हे अनेक देशांतील पाहण्यांनी दाखविले आहे. खात्यातली ओल त्वचेला जाणवत होती. पायांवर पडणारा भार मात्र अंगवळणी पडला होता. जे जाणवते तेच कारण मानण्याची मनुष्याची प्रवृत्ती असते, आणि संधिवाताच्या बाबतीत तिने फार गोंधळ घातला आहे.

आता हवेचा परिणाम होत असेल तर तो कोणत्या मार्गाने, हे पाहू. सर्वांत प्रसिद्ध स्पष्टीकरण वायुदाबाचे आहे, आणि त्याला एक सुंदर शास्त्रीय आधारही आहे. वेबर नावाच्या दोन जर्मन बंधूंनी 1836 साली मनुष्याच्या चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. मृतदेहाच्या खुब्याभोवतीचे सर्व स्नायू कापून टाकले तरी मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून खाली पडत नाही, हे त्यांनी दाखविले. पण खोबणीला आतल्या बाजूने एक बारीक छिद्र पाडून हवा आत शिरू दिली की गोळा लगेच घसरतो. निरोगी सांध्याच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो आणि बाहेरची हवा त्या सांध्याला जणू दाबून धरते, हा त्याचा अर्थ. यावरून पुढच्यांनी तर्क लढविला की, पावसापूर्वी वायुदाब उतरला म्हणजे सुजलेल्या सांध्याभोवतीच्या ऊती किंचित फुगत असाव्यात, आणि आधीच चिडलेल्या मज्जातंतूंना तेवढे निमित्त पुरत असावे.

तर्क मोहक आहे खरा. पण मुंबईच्या वायुदाबाचे आकडे समोर ठेवून तो तपासला पाहिजे, आणि मुंबईला ती सोय फार पूर्वीपासून आहे, कारण कुलाब्याची वेधशाळा 1826 साली स्थापन झाली. या शहरात जानेवारीचा वायुदाब आणि ऐन पावसाळ्यातल्या जुलैचा वायुदाब यांत सुमारे 8 ते 10 हेक्टोपास्कलांचा फरक असतो. शिवाय रोजच्या रोज, पाऊस असो वा नसो, सकाळी दहाच्या सुमारास दाब चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. ही दैनंदिन भरती-ओहोटीही 3-4 हेक्टोपास्कलांची असते. आता उंचीचा विचार करा. समुद्रसपाटीजवळ दर आठ-साडेआठ मीटर वर गेले की दाब एका हेक्टोपास्कलने घटतो. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जमिनींवर आज पन्नास-पन्नास मजल्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांतील एखाद्या मनोऱ्याच्या माथ्यावर राहणारी आजी भाजी घेऊन उद्वाहकाने घरी जाते, तेव्हा मिनिट-दोन मिनिटांत तिच्या गुडघ्यांवरचा वायुदाब जानेवारी आणि जुलै यांच्यातल्या फरकापेक्षाही अधिक उतरलेला असतो. दादरहून पुण्याच्या गाडीत बसलेला प्रवासी बोरघाट चढून लोणावळ्यास पोचतो तो सुमारे 65 ते 70 हेक्टोपास्कल मागे टाकून. मुंबईवर कितीही घनघोर पाऊस येवो, त्याने वायुदाब इतका उतरणे शक्य नाही. निव्वळ दाब कमी होण्याने सांधे ठणकत असते तर उभे पुणे शहर बारमाही विव्हळत राहिले असते आणि लोणावळ्याच्या फलाटावर गुडघे धरलेल्या माणसांची रीघ लागली असती. तसे होत नाही, ही गोष्ट मला निर्णायक नसली तरी फार वजनदार वाटते.

निर्णायक का नाही, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी 1960 च्या सुमारास एक बंदिस्त दालन बांधून त्यातील उष्णता, दमटपणा आणि दाब हवा तसा बदलण्याची सोय केली व मोजक्या संधिवाती रुग्णांना काही आठवडे तेथे ठेवले. नुसता दाब बदलून किंवा नुसता दमटपणा बदलून फारसे काही घडले नाही. परंतु दमटपणा वाढत असतानाच दाब उतरविला तेव्हा बहुतेकांचे दुखणे वाढले. रुग्ण थोडे होते, तरी प्रयोग सचोटीचा होता. पुढे जपानात डॉ. जुन सातो यांनी मज्जातंतूंना इजा झालेल्या उंदरांवर प्रयोग करून दाब उतरला की त्यांची वेदना वाढते, आणि कानाच्या आतील भाग निकामी केल्यास हा परिणाम नाहीसा होतो, असे दाखविले. म्हणजे दाबाची चाहूल सांध्याला न लागता कानाला लागत असण्याचा संभव आहे. थंडीचे स्पष्टीकरण त्यामानाने सोपे. गारठ्यात स्नायू आखडतात, सांध्यातील वंगणद्रव घट्ट होतो, माणूस हातपाय आवळून बसतो. मात्र हे सारे सांधे आखडण्याचे विवरण झाले, सांधे बिघडण्याचे नव्हे. हवेने संधिवात उत्पन्न होतो असे यांतील कोणीही म्हटलेले नाही.

यापुढचा पुरावा माणसांच्या नोंदींचा आहे, आणि येथे भोईवाड्यातील न्यायालयात रोज दिसणारी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: साक्षीदार प्रामाणिक असणे आणि साक्ष खरी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोनाल्ड रेडलमायर हे वैद्य आणि एमॉस ट्वर्स्की हे मानसशास्त्रज्ञ यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आमवाताच्या 18 रुग्णांच्या वेदनेची नोंद 15 महिने ठेवून ती स्थानिक हवामानाच्या दप्तराशी ताडून पाहिली. बहुतेक रुग्णांची हवेच्या परिणामाविषयी खात्री होती. नोंदींत मात्र संबंध आढळला नाही, आदल्या वा नंतरच्या दिवसांची हवा धरूनही नाही. मग त्यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना, ज्यांना संधिवाताशी काही कर्तव्य नव्हते अशांना, एकमेकांशी मुळीच संबंध नसलेल्या आकड्यांच्या दोन रांगा दाखविल्या. पुष्कळांना त्यांतही संबंध दिसला. ज्या दिवशी आभाळ आले आणि गुडघाही दुखला तो दिवस मनात कोरला जातो. आभाळ असून गुडघा दुखला नाही तो दिवस, आणि लख्ख उन्हात तो दुखला तो दिवस, हे दोन्ही नोंदीविना निघून जातात. हा दोष मनुष्यमात्राच्या स्मृतीचा आहे. त्यात रुग्णाचा अपराध काही नाही.

पुढे नोंदींचे प्रमाण वाढत गेले. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या दप्तरातील 1 कोटी 16 लाखांहून अधिक वैद्यकीय भेटींची छाननी 2017 साली प्रसिद्ध झाली. पावसाच्या दिवशी सांधेदुखी किंवा पाठदुखी घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण कोरड्या दिवसांपेक्षा जास्त निघाले नाही. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी 2024 साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुडघे, खुबे आणि पाठ यांच्या दुखण्याशी हवामानाचा संबंध जुळला नाही. वातरक्ताशी मात्र जुळला, आणि तोही लोकसमजुतीच्या उलट दिशेने, कारण ते उष्ण व कोरड्या हवेत अधिक भडकते. त्यामागे शरीरातील पाणी घटणे हे कारण असावे. तेव्हा विदर्भातल्या वैशाखात वातरक्ताच्या रोग्याने पाणी पिण्यास विसरू नये.

याच्या विरुद्ध पारड्यात मँचेस्टर विद्यापीठाचे डॉ. विल्यम डिक्सन यांचा अभ्यास पडतो. 2016 साली सुरू झालेल्या या अभ्यासात ब्रिटनमधील तेरा हजारांहून अधिक लोकांनी नाव नोंदविले, आणि त्यांपैकी 2,658 जणांनी कित्येक महिने दररोज आपल्या वेदनेची नोंद मोबाईलवर केली. रोजची नोंद हे या अभ्यासाचे मोठे बळ होय, कारण महिन्यातून दोनदा विचारले असता निसटणारी चढउतार तीत सापडते. दमट हवा, उतरलेला दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी वेदना वाढण्याचा संभव किंचित वाढतो, आणि मनःस्थिती व हालचाल यांचा हिशेब वजा केला तरी हा संबंध पुरता नाहीसा होत नाही, असा निष्कर्ष 2019 साली त्यांनी प्रसिद्ध केला. तो किती वाढतो? साधारण दिवशी शंभरांत पाच जणांचे दुखणे बळावत असेल तर अत्यंत वाईट हवेच्या दिवशी सहा जणांचे. माझ्या मते आज उपलब्ध असलेला हाच सर्वांत विश्वसनीय आकडा आहे. आजीबाईंचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही, असा दाखला तो देतो. पण ते ज्या ठामपणे मांडले जाते त्याला लागणारा आधार त्यात नाही.

ब्रिटनचा निष्कर्ष भोईवाड्याला जसाच्या तसा लावता येत नाही, याला सबळ कारण आहे. तिकडची ओल गारठ्याबरोबर येते. मुंबईचा पावसाळा ऊबदार असतो, आणि येथे थंडी पडते तेव्हा हवा उलट कोरडी असते. शिवाय मुंबईची हवा म्हणजे नेमकी कोठली? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला 74 मिलिमीटरही झाला नाही. भोईवाड्यातील गुडघा यांपैकी कोणत्या वेधशाळेच्या नोंदीशी ताडावयाचा?

हवापालटाच्या सल्ल्याचेही तेच. निवृत्त झालेल्या बापाला मुलगा सांगतो की, “बाबा, घाटावर चला, तिकडची कोरडी हवा तुमच्या सांध्यांना मानवेल.” अमेरिकेत सॅन डिएगो या समशीतोष्ण शहरातले आणि बॉस्टनसारख्या कडक थंडीच्या शहरातले जुनाट दुखण्याचे रुग्ण 1995 साली तुलनेने पाहिले गेले, तेव्हा हवेचा त्रास होतो अशी तक्रार सुखद हवेच्या शहरात कमी नव्हती. शरीर जेथे राहते तेथल्या हवेला सरावते आणि मग तिथल्या लहान फरकांविषयी कुरकुर करू लागते, असे दिसते. घाटावर शेती असेल, माणसे असतील, तर अवश्य जावे. सांध्यांसाठी म्हणून बिऱ्हाड हलवू नये.

मग पावसाळ्यात एवढ्या लोकांचे सांधे दुखतात ते का? मला वाटते, याचे उत्तर आभाळापेक्षा रस्त्यावर आणि जिन्यात अधिक सापडते. एरवी पहाटे मैदानाला दोन फेऱ्या मारणारा गृहस्थ जून ते सप्टेंबर चाळीतच अडकून पडतो. जी चाळ अजून जुन्याच रूपात उभी आहे तेथे संडास व्हरांड्याच्या टोकाला. ओल्या फरशीवरून घसरू नये म्हणून वृद्ध माणूस पाय ताठ ठेवून, भिंतीला धरून, अर्ध्या पावलांनी जातो, आणि तेथे उकिडवे बसून उठताना गुडघ्यावर जो भार येतो त्याच्या धास्तीने पाणी पिणेही कमी करतो. मांडीचे स्नायू दोन-तीन आठवड्यांत ढिले पडू लागतात, आणि ज्या गुडघ्याला ते सावरून धरीत असतात तो दुखू लागतो. हिंदमाताच्या चौकात कमरेइतके पाणी भरले की के.ई.एम.ची बाह्यरुग्ण विभागातील तारीख चुकते. परळच्या कामकऱ्यांना आपले वाटणारे हे रुग्णालय 1926 पासून त्यांची सेवा करीत आले आहे. पण तेथवर पोचणे झाले नाही तर औषध संपते, आणि आठवड्यातून एकदा घ्यावयाची आमवाताची गोळी दोन-तीन आठवडे चुकली तर सांधे सुजणारच. दोष पावसाच्या माथी बसतो.

आणखी एक कारण प्रत्यक्ष रोगाचे आहे, आणि त्याची दखल घेणे अत्यावश्यक आहे. चिकुनगुनियाचा विषाणू 1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे फैलावला, नंतर तीसएक वर्षे जणू लोपला, आणि 2006 साली महाराष्ट्रात त्याने मोठा उद्रेक केला. साचलेल्या स्वच्छ पाण्यात, पिंपांत, कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाढणारा, दिवसा चावणारा एडिस डास तो पसरवितो. म्हणून पावसाळ्यात आणि तो सरताना त्याचा जोर असतो. ताप चार-पाच दिवसांत उतरतो, पण मनगटे, घोटे आणि बोटांचे सांधे काही रुग्णांत महिनोन्‌महिने दुखत राहतात. अशा वेळी “पावसाळी वात आहे, ओसरेल” म्हणून स्वस्थ बसणे हानिकारक ठरते.

निर्णय द्यावयाचा तर तो असा: हवेने संधिवात होत नाही; तो असलेल्या काहींना काही दिवशी तिचा अल्पसा उपद्रव होतो; आणि ज्यांना तसा अनुभव आहे त्यांनी गरम पाण्याचा शेक घ्यावा, अंग झाकावे, तेल चोळावे, त्यात काही वावगे नाही. पण पावसाळ्यात चालणे बंद करू नये, व्हरांड्यातच फेऱ्या माराव्यात. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरण्याचा साधा व्यायाम रोज करावा. औषधाचा साठा जूनपूर्वी करून ठेवावा. आणि ज्याची बोटे सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहतात, ज्याचे हातांचे लहान सांधे सहा आठवडे सुजलेले आहेत, त्याने हवेला दोष देत एक दिवसही दवडू नये. आमवातात पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून पुष्कळ अंशी वाचतात; ती मुदत टळल्यावर झालेली हानी औषधाने भरून येत नाही. अशा माणसाने पाऊस उघडण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे, आणि त्याला जमत नसेल तर घरातल्या कोणीतरी त्याला हात धरून न्यावे.